बिनमालकाचं जाळं

घरी टेलिफोन यावा म्हणून अर्ज करून माणसं वर्षानुवर्षं वाट पाहत, तेव्हाची ही गोष्ट. १९८६-८७ च्या सुमारास मुंबईतले दोन संगणक एकमेकांना फोन करू लागले. एक होता नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी या सरकारी संशोधन संस्थेत. दुसरा पवईच्या आयआयटीत. फोन लागला की मॉडेमची शीळ वाजायची, साठून राहिलेली पत्रं एका यंत्रातून दुसऱ्यात उतरायची आणि फोन बंद व्हायचा. भारतातल्या ई-मेलची सुरुवात ही अशी झाली.

या उद्योगामागे 'अर्नेट' नावाचा प्रकल्प होता. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाची मदत घेऊन तो १९८६ मध्ये हाती घेतला. त्यात आठ भागीदार होते: मुंबईची एनसीएसटी, बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर आणि मद्रास इथल्या पाच आयआयटी, आणि दिल्लीतलं खुद्द इलेक्ट्रॉनिक्स खातं. एनसीएसटीचे संचालक श्रीनिवासन रमणी हे या जाळ्याच्या प्रमुख शिल्पकारांपैकी एक. २०१४ मध्ये 'इंटरनेट हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांचा समावेश झाला.

त्या जाळ्याची रचना आज पुन्हा समजून घ्यावी अशी आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९७० च्या दशकात माइक लेस्कने युनिक्स यंत्रांसाठी 'यूयूसीपी' नावाची पद्धत लिहिली होती, तीच इथे वापरली गेली. तिच्यात मधोमध कुठलंही मुख्यालय नव्हतं. प्रत्येक संस्थेचं यंत्र तिच्या स्वतःच्या खोलीत असायचं, त्याची देखभाल तीच करायची, त्यावर खाती कोणाला द्यायची हेही तीच ठरवायची. पत्र एका यंत्राकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असं हातोहात जायचं. पत्ता म्हणजे वाटेतल्या यंत्रांची नावं ओळीने लिहायची आणि प्रत्येक दोन नावांच्या मध्ये उद्गारचिन्ह द्यायचं. आपल्याकडच्या यंत्रांची नावंही सुरेख होती. एनसीएसटीत शक्ती, साथी, संगम, कोणार्क. दिल्लीच्या खात्यात विक्रम.

स्वतंत्र यंत्रं, स्वतंत्र चालक, आणि एकमेकांशी बोलण्याचे नियम मात्र सगळ्यांचे एकच. संगणकाच्या जगात आज ज्याला 'फेडरेटेड' जाळं म्हणतात, ते हेच.

पुढची पावलं भराभर पडली. १९८९ मध्ये भारतासाठी 'डॉट इन' हा पत्त्याचा शेपटीचा भाग मिळाला आणि त्याचा कारभार एनसीएसटीकडे आला. २००५ पर्यंत तो तिथेच राहिला. जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली आणि मुंबई यांच्यात ९.६ किलोबिट्स वेगाची कायमची तार जोडली गेली. त्या तारेतून सेकंदाला फार तर हजार-बाराशे अक्षरं जात. १९९२ पर्यंत बाकीच्या संस्थाही तशाच तारांनी जोडल्या गेल्या, आणि त्याच वर्षी मुंबईच्या एनसीएसटीतून थेट अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत ६४ किलोबिट्सची वाहिनी सुरू झाली.

पत्रांच्याच वाटेने आणखी एक गोष्ट जगभर फिरत होती. तिचं नाव यूजनेट. ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांना १९७९ मध्ये ती सुचली. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या स्टीव्ह बेलोविनने तिचा पहिला आराखडा लिहिला आणि १९८० मध्ये ती सुरू झाली. एका यंत्रावर कुणी मजकूर लिहिला की रात्रीतून तो शेजारच्या यंत्रावर जायचा, तिथून पुढच्या. प्रत्येक ठिकाणी त्याची प्रत राहायची. त्यामुळे यूजनेट कुणाच्या मालकीचं नव्हतं आणि कुणा एकाला ते बंदही करता येत नव्हतं.

विषयवार गट पडत गेले. भारतीयांसाठी 'सोक डॉट कल्चर डॉट इंडियन' झाला, त्याच्या पोटात भाषांचे गट निघाले, आणि त्यांतला एक मराठीचा होता. अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकणारे आणि तिथल्या कंपन्यांत काम करणारे मराठी लोक तिथे रोमन लिपीत मराठी लिहीत. घरच्या पत्राला दोन-तीन आठवडे लागत त्या काळात अनोळखी मराठी माणसाचं उत्तर दुसऱ्या दिवशी पडद्यावर यायचं. मराठीतल्या आंतरजालीय गप्पांचा पहिला कट्टा हा असा बिनमालकाच्या जागेवर भरला.

रोमन लिपीची अडचण होतीच. त्यावर १९९१ मध्ये अविनाश चोपडे यांनी 'आयट्रान्स' ही पद्धत काढली. साध्या इंग्रजी कळफलकावर ठरावीक रीतीने टंकलं की छापताना देवनागरी उमटायची. 'ळ' हवा असेल तर कॅपिटल एल दाबायचा. हिंदी चित्रपटगीतांच्या यूजनेट गटातल्या रसिकांनी याच पद्धतीने एकेक गाणं उतरवून काढलं, एकाने लिहिलेलं दुसऱ्याने तपासलं, आणि त्यातून हजारो गाण्यांचा एक संग्रह उभा राहिला. कुणी पैसे दिले नव्हते, कुणी नेमणूक केली नव्हती.

ज्यांना विद्यापीठाचं दार उघडं नव्हतं, त्यांच्यासाठी घरगुती संगणकांचं जाळं होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्जने १९८४ मध्ये 'फिडोनेट' सुरू केलं. घरातला संगणक, एक मॉडेम, एक फोन, आणि त्यावर चालणारा 'बुलेटिन बोर्ड', म्हणजेच बीबीएस. मुंबईत सुचित नंदा यांचा 'लाइव्ह वायर' आणि बेंगळुरूत अतुल चिटणीस यांचा 'सिक्स' हे त्यांतले गाजलेले बोर्ड. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर दूरसंचार खात्याने अशा बोर्डांवर जबर परवानाशुल्क लावायचं ठरवलं, तेव्हा हौसेने हे चालवणाऱ्यांनी त्याला कडाडून विरोध केला.

या सगळ्या जाळ्यांचा पाया विश्वास हा होता. नेवासे तालुक्यातल्या शनिशिंगणापुरात घरांना दारं-कुलपं न लावण्याची रीत आहे. चोरी करणाऱ्याला शनिदेव शासन करतो ही गावाची श्रद्धा. २०११ मध्ये यूको बँकेने तिथे शाखा उघडली, तीही दाराला कुलूप दिसणार नाही अशी. सुरुवातीचं इंटरनेट बरंचसं त्या गावासारखं होतं. कुठलंही टपाल-यंत्र कुणाही अनोळख्याचं पत्र पुढे पोचवायचं, पाठवणारा खरा कोण हे तपासायचं नाही. यूजनेटवर लिहायला ओळखपत्र लागत नव्हतं. नियम मोडणाऱ्याला बाकीचे चार शब्द सुनावत आणि बहुधा तेवढं पुरे व्हायचं. शिंगणापूरला २०१५ मध्ये पोलीस ठाणं मिळालं. इंटरनेटवर कुलपं त्याच्या कितीतरी आधी आली.

कारण घडलं एप्रिल १९९४ मध्ये. अॅरिझोनातल्या कँटर आणि सीगल या वकील दांपत्याने ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात यूजनेटच्या हजारो गटांवर एकाच वेळी ओतली. गटांच्या विषयांशी तिचा काडीचा संबंध नव्हता. संतापाची लाट उसळली, पण जाहिरातदारांना कळून चुकलं की इथे फुकटात लाखोंपर्यंत पोचता येतं. त्याआधीच, १९९३ च्या शरद ऋतूपासून, अमेरिका ऑनलाइनसारख्या कंपन्यांचे ग्राहक लोंढ्याने यूजनेटवर येऊ लागले होते. नव्याला रीतभात शिकवायची कुणी हा प्रश्न निरुत्तर राहिला. कचरा वाढला, पत्रपेट्यांना चाळण्या बसल्या, आणि ओळखीच्याच माणसांत बसावं असं लोकांना वाटू लागलं.

त्याच वेळी भारतात दार उघडत होतं. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं. वर्षभराने, १६ सप्टेंबर १९९६ ला, गणेश चतुर्थीच्या दिवशी अमेरिकेत अजय गल्लेवाले यांनी 'मायबोली' हे मराठी संकेतस्थळ सुरू केलं. यूजनेटवर गप्पा होत, पण तिथे जागा कुणाचीच नव्हती. मायबोलीला उंबरठा होता, चालक होते, सण होते. तिथल्या 'हितगुज' या विभागात पाककृतींपासून गझलेपर्यंत चर्चा रंगल्या, ऑनलाइन गणेशोत्सव आणि दिवाळी अंक सुरू झाले.

मात्र देवनागरी वाचण्याचं दुखणं सुटलं नव्हतं. प्रत्येक वर्तमानपत्राचा आणि संकेतस्थळाचा फाँट वेगळा. तो उतरवून घेतला नाही तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग दिसायची. एका स्थळावरचं मराठी उचलून दुसऱ्यावर नेता येत नसे, शोधयंत्राला सापडत नसे. जाळं सगळ्यांचं असलं तरी अक्षरं ज्याची त्याची होती, आणि म्हणून मराठी मजकूर तुकड्यातुकड्यांत अडकून पडला होता.

ही कोंडी फोडणाऱ्यांत एनसीएसटीचा पुन्हा वाटा आहे. साठच्या दशकातल्या लघुअनियतकालिकांच्या चळवळीतले कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी आयआयटी मुंबईत अक्षररचना शिकवून पुढे एनसीएसटीत काम करू लागले होते. विंडोज २००० बरोबर आलेला 'मंगल' हा देवनागरी फाँट त्यांनी रेखला. युनिकोडवर चालणारा हा फाँट लाखो संगणकांत आपोआप पोचला. त्यांनी आणि एनसीएसटीतल्या सहकाऱ्यांनी केलेला 'रघू' हा फाँट मुक्त परवान्याखाली दिला गेला, म्हणजे तो कुणीही वापरावा, बदलावा, वाटावा. युनिकोड हा अक्षरांपुरता सर्वमान्य करार होता. तो झाल्यावर मराठी मजकूर पहिल्यांदा एका घरातून दुसऱ्या घरात विनासायास जाऊ लागला.

मग मराठी घरं भराभर उभी राहिली. १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला. २००४ मध्ये 'मनोगत' आलं. युनिकोडवर चालणाऱ्या पहिल्या मराठी चर्चास्थळांपैकी ते एक, आणि शुद्धलेखनाबद्दल कमालीचं दक्ष. तिथल्या नियमांशी न जमलेल्या काही सदस्यांनी २००७ मध्ये वेगळी चूल मांडली. त्यातून तात्या अभ्यंकरांचं 'मिसळपाव' निघालं, मोकळंढाकळं आणि बोलीभाषेला जागा देणारं. त्याच वर्षी माहितीपर लेखनासाठी 'उपक्रम' आलं. २०११ मध्ये 'ऐसी अक्षरे' निघालं. ललित हवं की वैचारिक, शिवी चालेल की नाही, संपादकाने किती कात्री लावावी, या वादांचं उत्तर दर वेळी नवं घर बांधून दिलं गेलं. बाहेरून पाहणाऱ्याला ही फाटाफूट वाटली. खरं तर एका समाजाने आपापल्या नियमांची चार ठिकाणं निर्माण केली होती, आणि कुठल्याही एका संपादकाच्या मर्जीवर सगळ्या मराठी चर्चेचं भवितव्य अवलंबून राहिलं नव्हतं.

उणीव एकच होती. मिसळपाववरच्या माणसाला मायबोलीवरच्या लेखाला उत्तर द्यायचं तर तिथे नवं खातं, नवं टोपणनाव, नवा पासवर्ड. ही घरं शेजारी शेजारी होती, पण मधे वाट नव्हती.

वाट होती ती ब्लॉगांच्या जगात. आरएसएस नावाच्या साध्या पद्धतीमुळे कुणाचाही ब्लॉग कुठल्याही वाचनयंत्रात वाचता यायचा. 'मराठी ब्लॉग विश्व'सारख्या स्थळांवर नव्या नोंदी एकत्र दिसत. 'स्टार माझा' वाहिनीने 'ब्लॉग माझा' ही स्पर्धा घेतली, तेव्हा गावोगावचे लिहिणारे उजेडात आले. ब्लॉग ब्लॉगरवर असो की वर्डप्रेसवर, वाचकाला फरक पडत नसे. अर्नेटच्या काळातलं तत्त्व, म्हणजे घर आपलं आणि वाट सगळ्यांची, या काही वर्षांत मराठीत पुन्हा अनुभवाला आलं.

ते टिकलं नाही. १ जुलै २०१३ रोजी गूगलने आपलं 'रीडर' हे वाचनयंत्र बंद केलं. तोवर ऑर्कुट, मग फेसबुक, मग व्हॉट्सअॅप यांनी गर्दी खेचून घेतली होती. तिथे फुकट जागा मिळते, सगळे ओळखीचे भेटतात, मोबाइलवर सहज चालतं; लोक गेले यात त्यांचं काहीच चुकलं नाही. पण मोठ्या वाड्यात भाड्याने राहणाऱ्याचं सामान मालकाच्या निर्णयावर असतं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. याहू ग्रुप्सवरचा जुना मजकूर डिसेंबर २०१९ मध्ये हटवायला सुरुवात झाली आणि पुढच्या डिसेंबरात ती सेवाच संपली. शाळासोबत्यांच्या, साहित्यप्रेमींच्या, परदेशातल्या मंडळांच्या मराठी टपालयाद्या त्यात होत्या. ज्यांनी वेळेत उतरवून घेतलं त्यांचं वाचलं. बाकीचं गेलं.

तांत्रिक बाजूने पाहिलं तर यातला एक भाग विशेष खटकतो. जेरेमी मिलरने १९९९ मध्ये 'जॅबर' नावाची निरोपपद्धत जगापुढे ठेवली होती. पुढे ती 'एक्सएमपीपी' या नावाने प्रमाण झाली. तिच्यात ई-मेलप्रमाणे कुणीही स्वतःचा सर्व्हर चालवावा आणि दुसऱ्या कुठल्याही सर्व्हरवरच्या माणसाशी बोलावं, अशी सोय होती. गूगल टॉकने ती काही वर्षं पाळली आणि २०१३ मध्ये 'हँगआउट्स' आणून तिच्याकडे पाठ फिरवली. व्हॉट्सअॅपची उभारणीही याच पद्धतीत फेरफार करून झाली, फक्त बाहेरच्या सर्व्हरांशी बोलण्याचं दार त्यात ठेवलं गेलं नाही. म्हणजे आज मराठी घराघरांत ज्या अॅपवर निरोप जातात, त्याच्या मुळाशी एक खुलं जाळं होतं.

हे दार पुन्हा उघडावं म्हणून झटणारी माणसं कमी होती, पण ती थांबली नाहीत. फेब्रुवारी २०१० मध्ये कायद्याचे प्राध्यापक एबेन मॉग्लेन यांनी न्यूयॉर्कमध्ये एक व्याख्यान दिलं. आपलं खाजगी आयुष्य दुसऱ्याच्या गोदामात ठेवण्यातले धोके त्यांनी मांडले. ते ऐकून न्यूयॉर्क विद्यापीठाच्या चार विद्यार्थ्यांनी 'डायस्पोरा' नावाचं सामाजिक जाळं बांधायचं ठरवलं. त्यांनी १०,००० डॉलर मागितले, लोकांनी २,००,००० डॉलरहून अधिक दिले. डायस्पोराच्या सर्व्हरला 'पॉड' म्हणतात. कुणीही पॉड चालवावा, पॉडांनी एकमेकांशी बोलावं.

भारतात हा विचार मुक्त सॉफ्टवेअरच्या वर्तुळांतून पसरला. पुण्यात तेव्हा सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत दर वर्षी 'ग्नुनिफाय' ही मुक्त सॉफ्टवेअरची परिषद भरायची. लिनक्सवाल्यांचे गट पुण्यात आणि मुंबईत नांदते होते. पुण्यात बरीच वर्षं काम केलेले डेबियनचे डेव्हलपर प्रवीण अरिंब्रत्तोडियिल यांनी डायस्पोराला डेबियन या मुक्त संगणकप्रणालीत बसवण्याचं चिकाटीचं काम अंगावर घेतलं. हेतू हा, की सर्व्हर उभा करणं तज्ज्ञांपुरतं राहू नये, साध्या आज्ञेने व्हावं. ते ज्यात आहेत त्या फ्री सॉफ्टवेअर कम्युनिटी ऑफ इंडिया या स्वयंसेवी गटाने 'पॉडरी' नावाचा डायस्पोरा पॉड लोकवर्गणीवर चालवला, आणि त्याच्या जोडीला निरोपांसाठी एक्सएमपीपी आणि मॅट्रिक्स या खुल्या सेवाही दिल्या. तो कधी मोठा झाला नाही. पण ज्याला स्वतःचं खातं भारतातल्या ओळखीच्या माणसांच्या यंत्रावर ठेवायचं होतं, त्याला एक ठिकाण मिळालं.

दरम्यान युरोप-अमेरिकेत या वेगवेगळ्या खटपटी एका भाषेत बोलू लागल्या. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने जानेवारी २०१८ मध्ये 'अॅक्टिव्हिटीपब' हे प्रमाण जाहीर केलं. माणूस कुठल्याही सर्व्हरवर असो, त्याला दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाला अनुसरता यावं, उत्तर देता यावं, यासाठीचा हा नियम. तरुण जर्मन प्रोग्रामर ऑयगेन रोश्को याचं 'मॅस्टोडॉन' २०१६ पासून चालू होतं; त्याने हे प्रमाण स्वीकारलं आणि ट्विटरसारखं दिसणारं, पण हजारो स्वतंत्र सर्व्हरांवर पसरलेलं जाळं आकाराला आलं.

भारतीयांना त्याचं नाव कळलं ते एका वकिलामुळे. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं. त्यांच्या पानावर एक प्रसिद्ध छायाचित्र होतं: १९३६ मध्ये हँबर्गच्या गोदीत गर्दीतले सगळे नाझी पद्धतीने हात उंचावून उभे आहेत आणि ऑगस्ट लँडमेसर एकटा हाताची घडी घालून उभा आहे. हिटलरशाहीला नकार देणारं हे चित्र ट्विटरने द्वेषाचं चित्र ठरवलं. खातं परत आलं आणि दुसऱ्या एका कारणाने पुन्हा बंद झालं. या वेळी निमित्त होतं हिंदी कवी गोरख पांडेय यांच्या कवितेचा जुना उल्लेख. हेगडे यांनी कायदेशीर नोटीस दिली. त्याच दिवसांत दलित-बहुजन वापरकर्ते ट्विटरच्या निळ्या खुणांच्या वाटपात जातीय भेदभाव असल्याचा जाहीर आरोप करत होते.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लेखक, पत्रकार, वकील, विद्यार्थी असे भारतीय मोठ्या संख्येने मॅस्टोडॉनवर पोचले. वर्तमानपत्रांत 'मॅस्टोडॉन म्हणजे काय' असे लेख आले. ५०० अक्षरांची मुभा, जाहिराती नाहीत, काय दाखवायचं हे ठरवणारं गुप्त गणित नाही. आणि एका सर्व्हरच्या चालकाने खातं बंद केलं तरी दुसऱ्या सर्व्हरवर जाऊन त्याच जाळ्यात राहता येतं. हा शेवटचा मुद्दा हेगडे प्रकरणाला थेट लागू होता.

महिन्याभरात लाट ओसरू लागली. नव्या माणसापुढे पहिलाच प्रश्न यायचा, सर्व्हर कोणता निवडू? अनेकांनी सर्वांत मोठा तोच निवडला, म्हणजे पुन्हा एका जागी गर्दी. ज्यांच्याशी बोलायचं ते मंत्री, अभिनेते, संपादक ट्विटरवरच होते. भारतीय भाषांचा, भारतातल्या कायद्याची आणि जातवास्तवाची जाण असणारा सशक्त सर्व्हर तेव्हा उभा राहिला असता, तर आलेली माणसं टिकली असती. तशी तयारी नव्हती.

ही अडचण केवळ आपली नाही. सर्व्हरला दरमहा पैसे लागतात, शिवीगाळ निस्तरायला रात्री-अपरात्री जागणारी माणसं लागतात, आणि ती बहुधा विनावेतन असतात. 'मॅस्टोडॉन डॉट टेक्नॉलॉजी' हा जुना सर्व्हर २०२२ मध्ये चालकाने आवरता घेतला. खातं दुसरीकडे नेता येतं, अनुसरणारेही सोबत येतात, पण जुना मजकूर येत नाही. दुसरीकडे या रचनेचं बळही दिसलं आहे. द्वेषपूर्ण मजकुरासाठी कुप्रसिद्ध असलेल्या 'गॅब'ने जुलै २०१९ मध्ये मॅस्टोडॉनची आज्ञावली उचलली, तेव्हा असंख्य सर्व्हरांच्या चालकांनी आपापल्या पातळीवर त्याच्याशी संबंध तोडले. वरून हुकूम आला नव्हता. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्कने ट्विटर विकत घेतलं आणि काही आठवड्यांत मॅस्टोडॉनचे महिन्याला सक्रिय असणारे लोक २० लाखांच्या वर गेले.

भारतात त्याच काळात देशी पर्याय म्हणून 'कू'चा गाजावाजा होता. बेंगळुरूहून २०२० मध्ये आलेल्या या अॅपवर मराठीची सोय होती, मंत्री आणि सरकारी खाती होती. पण रचना ट्विटरचीच: एक कंपनी, एक सर्व्हर-समूह, एक मालक. जुलै २०२४ मध्ये चालकांनी ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. मालक देशी असला म्हणून मजकूर सुरक्षित राहत नाही, हे मराठीत लिहिणाऱ्यांनी इथे अनुभवलं.

मग पैसा आणि जबाबदारी यांचा मेळ घालायचा कसा? फ्री सॉफ्टवेअर कम्युनिटी ऑफ इंडियाच्या मंडळींनी 'प्राव' ही निरोपसेवा हाती घेतली, तेव्हा त्यांनी दिलेलं उत्तर महाराष्ट्राला परकं नाही. ही सेवा एक्सएमपीपीवर चालते, फोन नंबराने खातं उघडतं, आणि कुठल्याही दुसऱ्या एक्सएमपीपी सर्व्हरवरच्या माणसाशी बोलता येतं. तिची मालकी वापरणाऱ्यांच्याच बहुराज्य सहकारी संस्थेकडे असावी, असा त्यांचा मनसुबा आहे. शनिशिंगणापूर ज्या जिल्ह्यात आहे त्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, लोणीजवळ, विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये शेतकऱ्यांच्या मालकीचा प्रवरानगरचा साखर कारखाना सुरू झाला. ऊस घालणाराच भागधारक आणि प्रत्येकाला एकच मत, या तत्त्वावर तो उभा राहिला. पुढे शेकडो कारखाने, दूध संघ आणि बँका त्या वाटेने गेल्या. सहकारातले दोषही महाराष्ट्राने पुरेपूर पाहिले आहेत. तरी भांडवलदार आणि सरकार यांच्याशिवाय तिसरा मालक असू शकतो, हे इथल्या खेड्यांना समजावून सांगावं लागत नाही. सर्व्हर चालवणारी मराठी सहकारी संस्था ही कल्पना म्हणूनच पुण्या-मुंबईबाहेरही रुजू शकते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलने आपल्या ग्रुप्समधून यूजनेटचा नवा मजकूर देणं थांबवलं. यूजनेट त्यामुळे मेलं नाही. ज्यांचे सर्व्हर चालू आहेत त्यांच्याकडे ते चालूच आहे. मायबोलीने २०२१ मध्ये पंचविशी गाठली. ऑर्कुट, याहू ग्रुप्स, गूगल रीडर आणि कू या चौघांत मिळून जे जमलं नाही, ते हौशी चालकांच्या या स्थळाने करून दाखवलं: नव्वदच्या दशकातल्या मराठी माणसांचं लिखाण आजही तिथे वाचायला मिळतं.

मधली वाट बांधण्याची साधनं आता हाताशी आहेत. २०२३ पासून वर्डप्रेसच्या ब्लॉगला अॅक्टिव्हिटीपबची जोड अधिकृतपणे मिळते. ती सुरू केली की सोलापूरच्या शिक्षिकेचा ब्लॉग मॅस्टोडॉनवरच्या वाचकाला थेट अनुसरता येतो आणि त्याची प्रतिक्रिया ब्लॉगवर परत येते. मायबोली, मिसळपाव आणि ऐसी अक्षरे ज्या द्रुपल प्रणालीवर उभी आहेत, तिच्यासाठीही असा जोडभाग उपलब्ध आहे. तिन्हींच्या चालकांनी मनावर घेतलं, तर एका स्थळावरच्या सदस्याला दुसऱ्या स्थळावरच्या लेखाला आपल्याच खात्यातून उत्तर देता येईल, आणि प्रत्येक स्थळाचे नियम, संपादक आणि जुनं लिखाण त्याच्या त्याच्या घरीच राहील.